सोबतीचा घास

"ती वाळून वाळून काडी झाली, अन् पोरगी पाह्य कशी भरली!"

समोरच्या घरातल्या काकू हे बोलल्या तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे पाण्याचे पेले घेऊन उभी होते. बैठकीत सतरंजीवर बसायला आलेल्या बायका होत्या. तुला घाटावर नेलं त्याला अजून आठवडाही झाला नव्हता. काकूंचा आवाज दबका होता, पण आपल्या घरात दबका आवाजच जास्त नीट ऐकू येतो, हे तुला माहीत आहे.

दुसरी कोणी तरी म्हणाली, "हौ ना वं. घरात एवढं आजारपण, अन् कोणाले इतकं जेवण जाते?"

मी आत गेले. एकेकीपुढे पेला धरला. काकूंनी पेला घेताना माझ्या दंडाकडे पाहिलं. ब्लाउजची बाही उसवून, आत दाबलेलं कापड सोडून पुन्हा शिवलेली होती. ती तूच शिवली होतीस, मोठी आई. सुई तुझ्या बोटांतून निसटत होती, तरी शिवलीस आणि म्हणालीस, "आता दिवाळीपर्यंत पाह्याले नको."

काकूंना सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं. पण मी रिकामा ट्रे घेऊन परत आले आणि स्वयंपाकघरात तुझ्या पाटाजवळ उभी राहिले. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. कोणी ठेवला कोण जाणे.

बाहेरच्यांना मी तुझी ओळख 'आमच्या मोठ्या काकू' अशी करून देत असे. जबलपूरच्या शाळेत तर तू माझी 'आंटी' होतीस, आणि तो शब्द मला तुझ्यावर कधीच नीट बसवता आला नाही. होस्टेल संपवून मी बालाघाटला परत आले, तेव्हा मला इंग्रजीत कशावरही निबंध लिहिता येत होता, पण घरातल्या माणसांशी काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आई मला पाहुण्यांसमोर बसवायची. बाबा म्हणायचे, बोल की काही तरी. तू काहीच म्हणाली नाहीस. गुजरीच्या बाजारातून आणलेल्या वालाच्या शेंगांची टोपली माझ्यापुढे सरकवलीस, स्वतः दुसऱ्या बाजूला बसलीस आणि दोघींनी मिळून ती संपवली. मध्ये फक्त एकदा म्हणालीस, "किडकी तिकडं टाक." आपण घरी परत आलो, असं मला त्या वेळी वाटलं.

तुझी बोली मी तिथेच उचलली. आईला ते आवडत नसे. "मला म्हण, मले काय?" असं ती टोकायची. मग तिच्यापुढे मला, आणि चुलीपाशी मले.

तुझं दुखणं आधी कोणी दुखणं मानलंच नाही. जेवण झालं की तू ओवा चघळायचीस, पाण्यात सोडा घालून प्यायचीस. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला पित्त होणारच, असं सगळे धरून चालले होते, आणि तूही. मग तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मग एकदा तू उलटी केलीस ती कॉफीच्या चोथ्यासारखी होती. तू मला ती राखेनं झाकायला लावलीस आणि कोणाला सांगू नको म्हणालीस. मी बाबांना सांगितलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, म्हणजे एरवी बोलायचीस त्यापेक्षाही कमी.

राज्य बदललं, नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, तरी आजारी पडलं की आपली माणसं नागपूरच म्हणतात. आपण छोट्या लाईनच्या गाडीनं गोंदियापर्यंत गेलो आणि तिथून मोठ्या गाडीनं पुढे. बायकांच्या वॉर्डात तुझ्याजवळ राहायला कोणी तरी बाई हवी म्हणून मला नेलं होतं. तुला खडूच्या पाण्यासारखं काही पाजून पोटाचे फोटो काढले. तू ते एका दमात प्यायलीस आणि त्या फोटोवाल्याला म्हणालीस, "साखर तरी टाकायची, भाऊ."

नवरा म्हणून मोठेबाबा पुढे झाले, मागून बाबा आणि मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. तुला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. डॉक्टरांनी काचेच्या उजेडावर फोटो लावला. जठराच्या खालच्या टोकाशी जिथे ते भरल्यासारखं दिसायला हवं होतं, तिथे उंदरानं कुरतडल्यासारखी कड होती. बाबांनी विचारलं, दुसरं काही करता येतं का? डॉक्टर घाईत नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. विजेच्या किरणांचा शेक देतात, पण तो या जागी फारसा चालत नाही, आजूबाजूचं चांगलं आतडंच भाजून निघतं. शिरेतून द्यायची नवी औषधं निघाली आहेत, ती मुंबईला, आणि त्यांचा भरवसा अजून कोणी देत नाही. उरलं कापणं. जठराचा बराचसा भाग काढायचा आणि जो तुकडा राहील तो आतड्याला जोडायचा. उघडल्यावर फार पसरलेलं दिसलं, तर नुसती जेवण उतरायला वाट करून पोट शिवायचं.

मोठेबाबा कटंगीच्या वैद्याचं नाव काढणार होते. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते काढलं नाही त्यांनी.

मग डॉक्टर जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "ऑपरेशन मी करीन. त्यानंतरचं औषध म्हणजे जेवण. पिशवीच राहणार नाही, तेव्हा एका वेळी मूठभर. दर दोन-अडीच तासांनी. जेवताना पाणी नाही. गोड नाही. जेवल्यावर थोडं आडवं व्हायचं. हे जमलं तर अंग धरतील, नाही जमलं तर माझं कापणं फुकट."

मोठेबाबा ताठ बसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी खायला काही कमी नाही."

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाले.

बाबाही मान हलवत होते. मी खाली फरशीकडे पाहत होते. त्या खोलीतल्या कोणाच्याच, त्या हुशार डॉक्टरांच्याही, एक गोष्ट लक्षात आली नव्हती. आपल्या घरात खायला खरंच काही कमी नव्हतं, पण तू जेवायचीस ते सगळ्यांच्या शेवटी.

बाहेर आले तर तू विचारलंस, "काय म्हणते डॉक्टर?"

"थोडं थोडं खायचं म्हणतात. सारखं सारखं."

"बस्स? एवढ्यासाठी नागपूर?" तू म्हणालीस.

आजाराचं नाव तू विचारलं नाहीस. पुढेही कधी नाही. घरात त्याला 'अल्सर' म्हणायचं ठरलं होतं, आणि तूही अल्सरच म्हणायचीस, पण म्हणताना माझ्याकडे न पाहता.

ऑपरेशन चांगलं झालं. फार पसरलेलं नव्हतं. नाकात नळी घालून तू पडली होतीस, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंस, तर मोठेबाबांच्या जेवणाची सोय कुठे केली. केरळची नर्स होती, तिनं मला बाजूला घेतलं. तिला हिंदी जेमतेम येत होती, तरी ती हिंदीतच बोलली. "छोटा खाना, बार बार. तुम देखना." तुम देखना हे तिनं माझं मनगट धरून म्हटलं.

घरी आल्यावर आईनं मनापासून केलं, हे मला लिहायलाच हवं. तिनं सकाळी सकाळी तुझं ताट वाढलं. "बाई, तुम्ही जेवून घ्या." तू म्हणालीस, "हौ, ठेव." ताटावर ताट झाकलं गेलं. देवाचा नैवेद्य झाला, बाबा जेवून जंगल ऑफिसला गेले, आला-गेला जेवला. मोठेबाबा स्टेशनावर पेन्शनरांच्या गप्पा संपवून उन्हं कलायच्या बेताला आले आणि जेवले. आणि मग तू ते गार ताट पुढे ओढून एकदम संपवलंस. अर्ध्या तासात तुला घाम फुटला. पोट धरून तू कोठीच्या खोलीत जाऊन बसलीस, कोणाला दिसू नये म्हणून.

हे रोज चाललं. बाबा ओरडले. मोठेबाबांनी स्वतः सांगितलं, "अवं, डॉक्टरनं सांगतलं ना, जेवत जा तू आधी." तू मान डोलावलीस. ताट झाकलेलंच राहिलं. तू हट्ट करत नव्हतीस. एकदा मी विचारलं, काहून जेवत नाहीस, तर तू गोंधळल्यासारखी माझ्याकडे पाहून म्हणालीस, "घास उचलत नाही वं. हातच उचलत नाही." तो हात न उचलणं मला तेव्हा खरं वाटलं होतं आणि आजही वाटतं. तीस-पस्तीस वर्षांची सवय तुझ्या हातात भरली होती, आणि ती काही डॉक्टरांनी कापून काढलेली नव्हती.

मग एका सकाळी मला खरंच भूक लागली. मी चुलीपाशी येऊन म्हटलं, "मोठी आई, मले भूक लागली."

तू लगेच उठलीस. घरची लेक उपाशी कशी राहील? लेकीला कुठल्याही वेळी जेवता येतं. चिनोर तांदळाचा मऊ भात, वर वरण, तुपाची धार. ताट माझ्यापुढे ठेवून समोर बसलीस. मी म्हटलं, तू पण घे. तू म्हणालीस, "मी घेईन मंग." मी हात मागे घेतला. "एकटी नाही जेवत."

तू हसलीस. कारण ते वाक्य तुझंच होतं. घरात कोणी एकटं जेवत असलं की तू भाजी निवडायचं निमित्त काढून शेजारी येऊन बसायचीस. "एकट्यानं काय जेवते माणूस, ढोर हाय काय?" म्हणायचीस. तू एक वाटी घेतलीस, त्यात थोडा भात घेतलास आणि माझ्यासोबत जेवलीस. ते तुझं जेवण नव्हतंच. मला सोबत होती ती. सोबत द्यायला तुझा हात सहज उचलला जात होता.

दोन तासांनी मी परत आले. "मले भूक लागली."

अशी मी जेवायला लागले. सकाळी भात, मग भाकरीचा कोर दुधात चुरून, मग मुरमुरे, मग पुन्हा वरणभात, मग केळं, मग पेज. मी जेवताना पाणी घ्यायचं बंद केलं, म्हणून तूही घेतलं नाहीस. जेवल्यावर मी तिथेच चटई टाकून आडवी व्हायचे आणि म्हणायचे, मले झोप येते, तू पण टेक ना जराशी. भरदिवसा आडवं होणारी बाई या घरात आजवर झाली नव्हती, पण लेकीजवळ क्षणभर टेकलेल्या बाईला कोण काय म्हणणार? तू टेकायचीस आणि छताकडे पाहत मला तुझ्या गावच्या, लांजीकडच्या गोष्टी सांगायचीस. धानाच्या बांधावर बसून भावंडांनी मिळून खाल्लेली शिदोरी. तिथे तू सगळ्यात लहान होतीस. तुला आधी मिळायचं. हे सांगताना तुझा आवाज वेगळा व्हायचा.

तुझ्या गालांवर थोडं मांस आलं. बांगड्या मनगटाकडे परत आल्या. आणि मी, मोठी आई, मी फुगत गेले. कमरेचा हूक लागेनासा झाला. बाबा थट्टेनं म्हणाले, "नलूला जंगल खात्यात हत्तीच्या जागी ठेवून घेऊ." सगळे हसले. तूही पदराआड हसलीस, ते मी पाहिलं.

आई हसली नाही. तिला माझ्या लग्नाची काळजी होती. गोंदियाचं स्थळ चालून आलं. माणसं चांगली होती. मुलगा डोक्यानं हुशार, बोलण्यात माझ्यासारखाच मुका. मला तो आवडलाही असता. चार दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला. मुलगी सुशिक्षित आहे, शांत आहे, पण अंगानं जरा जास्त वाटली.

आई मला काही बोलली नाही, भांड्यांना बोलली. "दिवसभर तोंड चालू असल्यावर दुसरं काय होणार! शिकवलं, सवरलं, आणि हे!" प्रत्येक शब्दाला एक पातेलं आदळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी आले आणि माझं वाक्य म्हटलं. तू उठली नाहीस.

"भुकेले आवर घाल जरा," तू म्हणालीस. "दुपारी सगळ्यांसंगं जेव."

मला ते लागलं. पण त्याहून जास्त भीती वाटली. मी दुपारी सगळ्यांसोबत जेवले म्हणजे तू सगळ्यांच्या नंतर जेवणार. मी तिथेच उभी राहिले. तू पिठाच्या डब्याकडे पाहून म्हणालीस, "माह्यापायी तुह्यं नुकसान होऊन राह्यलं."

'माह्यापायी.' हा शब्द तू का वापरलास, हे मी त्या वेळी विचारायला हवं होतं. तुला कळलं होतं का? की सोबत देताना आपण पोरीला जास्त खाऊ घातलं, एवढंच तुला म्हणायचं होतं? मी नाही विचारलं. मी हळूच म्हटलं, "ज्याले खाणारी बायको नको, त्याच्या घरी जाऊन मी काय उपाशी मरू?"

तू हसायला लागलीस. टाक्यांच्या जागी हात दाबून हसलीस. "असं बोलता येते तुले, त पाहुण्यासमोर काहून नाही बोलत वं?" मग डोळे पुसत उठलीस आणि ताट घेतलंस. एक ताट, एक वाटी.

आपलं खरं भांडण झालं ते महालक्ष्म्यांच्या दिवशी, आणि ते तसंच राहिलं. त्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत घरात कोणीच काही तोंडात घालत नाही, लेकही नाही. माझं वाक्य त्या दिवशी चालण्यासारखं नव्हतं. तू पहाटेपासून उभी होतीस. भाज्या, आंबील, पुरण. तुझे ओठ पांढरे झाले होते. मी कोठीच्या खोलीत तुला गाठलं आणि हातात केळं दिलं.

"देवीच्या आधी जेवू मी?"

"देवी रागावणार आहे काय तुझ्यावर? तुझं पोट तिलाही माहीत आहे."

"देवी नाही रागावणार," तू म्हणालीस. "मीच रागावीन माह्यावर. मंग काय करशील?"

केळं तू माझ्या हातात परत दिलंस. दिवे लागल्यावर सवाष्णींची पंगत बसली आणि तुला मानानं मध्ये बसवलं. आता सगळ्या मिळून तुला वाढत होत्या. पुरणपोळी, वर तूप, वर पुन्हा पोळी. "ताटात टाकायचं नाही बाई, आजच्या दिवशी." समोरच्या काकूच आग्रह करत होत्या, प्रेमानं. मी दारात उभी राहून मान हलवत होते, नको, नको. तू माझ्याकडे पाहिलंस आणि ताट संपवलंस. मग पंगतीतच तू वाकलीस. घामानं पातळ अंगाला चिकटलं. छाती अशी उडत होती की बाहेरून दिसत होती. कोणी लिंबू उतरवलं, कोणी दृष्ट काढली. मी तुला आडवं केलं आणि तुझे पाय मांडीवर घेऊन बसले. मला ठाऊक होतं की हे बाहेरचं काही नाही, पिशवी नसलेल्या पोटात गोड एकदम उतरलं की असंच होतं. नागपूरच्या नर्सनं मला ते समजावून सांगितलं होतं. पण घरभर बायका होत्या आणि मी खाली मान घालून तुझे पाय चोळत राहिले.

बरं वाटल्यावर तू म्हणालीस, "रागावली काय?" मी हो म्हटलं. "मंग राग धर. उद्या सोड." दुसऱ्या दिवशी आपण काहीच न झाल्यासारखं वरणभात खाल्ला. मला वाटतं तुझं चुकलं होतं. अजूनही वाटतं. आणि हे भांडायला आता तू नाहीस.

पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या डोळ्यांत पिवळेपणा आला. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, उजवीकडे दाबलं आणि पुन्हा तिथेच दाबून पाहिलं. मला तेव्हाच समजलं. पुन्हा उघडण्यात अर्थ नाही, म्हणाले, यकृतात गेलंय. बाबा म्हणाले, मुंबईचं ते औषध? नेऊ शकता, डॉक्टर म्हणाले, पण प्रवासातच त्रास होईल आणि हाती काय लागेल ते मी सांगत नाही. मला त्यांना एक विचारायचं होतं. ते मूठभर मूठभर जेवणं, त्यानं काही दिवस वाढले का? की ते तसेही मिळालेच असते? मी खुर्चीवरून उठले, ओठ उघडले आणि नमस्कार करून बाहेर आले.

मग ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. मोठेबाबा कटंगीला जाऊन वैद्याच्या पुड्या घेऊन आले, मधात चाटायचं भस्म. बाबांनी होमिओपॅथीच्या गोळ्या आणल्या. आईनं कोणी तरी सांगितलेला पानांचा रस काढला. तू सगळ्यांचं मन राखून सगळं घेतलंस आणि सगळं उलटून टाकलंस. एकदा मोठेबाबा पुडी घेऊन उभे होते, तेव्हा तू म्हणालीस, "माह्या पोटात आता जागा कुठं हाय तुमच्या सगळ्यांच्या औषधाले?" ते मागच्या अंगणात गेले. बराच वेळ आले नाहीत. घरी खायला काही कमी नाही, असं सांगणारा तो माणूस आंब्याखाली पुडी हातात धरून उभा होता.

मी मात्र माझ्या वेळेला येतच राहिले. पेजेची वाटी घेऊन, खाटेजवळ बसून. "मले भूक लागली." आधी तू दोन चमचे घ्यायचीस, मग एक. मग ओठ ओले करण्यापुरतं. शेवटी शेवटी एका दुपारी मी वाक्य म्हटलं आणि तू डोळे उघडलेस. वाटीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. हात पुढे केलास. तुझा हात आपणहून उचलला गेला म्हणून मला इतका आनंद झाला की मी चमचा भरून तुझ्या बोटांत दिला. तू तो थरथरत वर आणलास आणि माझ्या तोंडाशी धरलास.

"खाय," तू म्हणालीस. "मी बसलीच हाय."

मी खाल्लं. पेज तुझ्या-माझ्या हातावर सांडली. दुसरा चमचा तुला उचलता आला नाही. "पुरे वं माय," तू म्हणालीस. "किती खाशील? पोट फुटन तुह्यं."

म्हणजे तुला कळलं होतं. की नव्हतं? तू हे सगळं जाणून माझ्या खोट्या भुकेला सोबत देत होतीस, की एका भुकेल्या पोरीला जेवू घालत होतीस, आणि तुझ्या लेखी त्यात दुसरं काही नव्हतंच? मी त्या दिवसापासून हेच उलटसुलट करून पाहते आहे. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. तुला विचारायचं राहिलं. आणि हेही सांगायचं राहिलं की ती सगळी भूक खोटी नव्हती. तू समोर बसलीस की मला लागायचीच.

काल तुझी तेरवी झाली.

सकाळपासून घर माणसांनी भरलं होतं. आई पहाटेपासून चुलीपाशी होती, कोरा चहासुद्धा न घेता. सगळा स्वयंपाक झाल्यावर तुझ्या नावचं पान मांडलं. तुझाच पाट घेतला. वडे, पुरणपोळी, खीर, भाज्या, भात. शेजारी पाण्याचा पेला. मी पाहत होते, इतकं एकदम, इतकं गोड, आणि जेवताना पाणी. मोठेबाबा हात जोडून उभे राहिले. त्यांच्यामागे बाबा. त्यांच्यामागे ओसरीवर थांबलेले सगळे पाहुणे, पुरुष, पोरं. कोणी पाटावर बसत नव्हतं. तुझं पान झाल्याशिवाय कोणी जेवायचं नव्हतं.

तू आधी जेवावंस म्हणून सगळं घर थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग पंगत बसली. ओसरीवर पुरुषांची पानं मांडली गेली आणि आई वाढायला उठली. उठताना तिनं चौकट धरली. क्षणभरच. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त बोटं लाकडावर घट्ट झाली होती आणि दुसरा हात पदराआडून पोटाशी गेला होता. कोणी पाहिलं नाही. मला ते बघायची सवय झाली आहे.

समोरच्या काकू वड्यांची परात घेऊन माझ्याजवळून गेल्या आणि म्हणाल्या, "नलू, तू घे बाई वाढून. तुले दम निघणार नाही. आमचं काय, आम्ही जेवू मागून." दोन-तीन बायका हसल्या. ओसरीवरच्या पंगतीतूनही एक-दोघांनी मान वळवून पाहिलं.

मी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून दोन पत्रावळी घेतल्या. चुलीसमोरच्या भिंतीशी, जिथून ओसरी दिसते आणि ओसरीवरून जी जागा दिसते, तिथे शेजारी शेजारी मांडल्या. दोन्हींवर भात वाढला. वरण घातलं. तूप घातलं. घाईत थोडं जमिनीवर सांडलं.

आई वरणाचं भांडं हातात घेऊन थबकली. "हे काय करतेस? पंगत उठायची आहे अजून," ती खालच्या आवाजात म्हणाली. "लोक बघताहेत, नलू."

बघत होतेच. काकू परात घेऊन उभ्या होत्या. मोठेबाबांचा घास हातातच राहिला होता. मी आईच्या हातातलं भांडं काढून घेतलं, खाली ठेवलं आणि तिचं मनगट धरलं. मग तुझ्यापुढे रोज कुजबुजून म्हणायचे ते वाक्य ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

"आई, मले भूक लागली. मी एकटी नाही जेवत. तू बस."